घरात करमण्याचा इतिहास

साथ आली की घर सोडायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. साथ आली की घरातच कोंडून घ्यायचे, ही अगदी अलीकडची. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तो घाट चढून दख्खनभर पसरला. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, पण साथीला सरहद्द नसते. घरात उंदीर मरून पडू लागले की पुढचे सांगायला वैद्य लागत नसे. बाडबिस्तरा, धान्याची पोती आणि गुरे घेऊन गाव शिवारात जाई, कुडाच्या नाहीतर चटयांच्या झोपड्या उभ्या राहत आणि साथ ओसरेपर्यंत मुक्काम तिथेच पडे. ब्रिटिश मुलखात ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा झाला. त्याच्या जोरावर पुण्यात सोजीर घराघरांत घुसले, माणसांना बाहेर काढून छावण्यांत नेऊ लागले, घरे धुऊन चुना फासू लागले. त्या संतापातून २२ जून १८९७ ला रँड या प्लेग अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. मात्र लोक आपणहून शिवारात गेले काय किंवा सरकारने त्यांना जबरीने छावणीत नेले काय, दोन्हींत घर ही रोगाची जागा होती आणि उघडे रान ही जगण्याची.

२०२० च्या मार्चात महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा पुन्हा हाती घेतला, पण हुकूम नेमका उलटा निघाला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी लागली आणि ती वाढत वाढत मेअखेरपर्यंत गेली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जुलैत १० ते १८ तारखेपर्यंत शहर आणि वाळूज पुन्हा कडेकोट बंद झाले. २०२१ च्या मार्चात निर्बंधांची दुसरी फेरी आली. प्रत्येक वेळी सांगणे एकच होते : घरात राहा. एका पिढीने ज्या घरातून पळ काढला, त्याच घरात चौथ्या-पाचव्या पिढीने आसरा घेतला. हा उलटफेर केवळ रोग बदलल्यामुळे झाला नाही, तर मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत घरच बदलले होते म्हणून तो जमला, असे मला मांडायचे आहे. घरात दिवसेंदिवस बसून राहणे शक्य व्हावे, इतकी करमणूक घरात आलेली होती. कोरोनाने ही सवय लावली नाही. चाळीस वर्षे मुरत आलेल्या सवयीवर त्याने सरकारी शिक्का मारला आणि ही सवय कुणाला परवडते व कुणाला नाही, तेही उघडे पाडले.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा येईल. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, कोरोना श्वासातून. मग एकात घर सोडायचे आणि दुसऱ्यात दार लावायचे, हे ओघानेच आले. आक्षेप रास्त आहे, पण पुरता नाही. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथही श्वासातूनच पसरत होती. हिंदुस्थानात तिने सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक बळी घेतले, असे अंदाज आहेत. गर्दी टाळा, हे तेव्हाही सांगितले गेले. तरीही आख्ख्या देशाने महिना-दोन महिने उंबरठा ओलांडू नये, असा विचार कुणाच्या स्वप्नातही आला नाही. येणार कसा? रोजचे पाणी आडावर, सरपण रानात, दाणे बाजारात, आणि दिवेलागणीनंतर मन रमवायचे ते ओट्यावर, पारावर, देवळात नाहीतर मशिदीच्या अंगणात. काय करायला हवे ते शास्त्र सांगते. ते करता येईल की नाही, हे घराच्या रचनेवर ठरते. १९१८ मध्ये रोग दार लावण्याजोगा होता, पण घर दार लावून बसण्याजोगे नव्हते.

औरंगाबाद शहराची करमणूक पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेरचीच होती. खुलताबादचा उरूस, पैठणची नाथषष्ठी, गल्लीतले कीर्तन, रात्ररात्र रंगणारे मुशायरे, आठवडी बाजाराला जोडून येणारे खेळवाले आणि पुढे टॉकीज, हे सगळे चार माणसांत बसून अनुभवायचे. घरात होते ते सोंगट्या, पत्ते आणि आजीच्या गोष्टी, आणि तेही वाड्याच्या ओसरीवर, म्हणजे अर्धे रस्त्यावरच. बाहेरचा आवाज घरात आणणारे पहिले यंत्र रेडिओ. निजाम सरकारने हैदराबादखेरीज औरंगाबादेतही नभोवाणी केंद्र चालवले होते. स्वातंत्र्यावेळी देशात संस्थानी केंद्रे जेमतेम पाच होती आणि त्यांत औरंगाबादचे एक होते. १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे गेले, पुढे बंद पडले आणि बऱ्याच वर्षांनी शहराला पुन्हा आपले केंद्र मिळाले. पण रेडिओ होता मोजक्या घरांत. उरलेल्यांनी तो ऐकला हॉटेलात, पानाच्या ठेल्यावर किंवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभे राहून. यंत्र घरात आले होते, श्रोता अजून रस्त्यावरच होता.

श्रोता घरात आला तो १९८० च्या दशकात, आणि त्यात या शहराचा स्वतःचा हात होता. १९७२ मध्ये सिडकोकडे नव्या औरंगाबादेचे काम सोपवले गेले. चिकलठाण्यापाठोपाठ वाळूजला औद्योगिक वसाहत आली, बजाजचा कारखाना आला. गावाकडून आलेला कामगार आणि कारकून एन-१ ते एन-१३ अशा सेक्टरांतल्या लहान घरांत राहू लागला. या घरांना ओसरी नव्हती, चौक नव्हता. होती ती बाहेरची एक खोली. त्या खोलीला काम मिळाले ते टीव्हीमुळे. १९८२ च्या एशियाडने रंगीत चित्र आणले, पाठोपाठ गावोगाव लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. गंगापूरला साखर कारखाना काढणाऱ्या धूत घराण्याने त्याच दशकात व्हिडिओकॉनचे टीव्ही बाजारात आणले आणि पैठण रस्त्यावरच्या चितेगावात टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन तयार होऊ लागली. देशाला घरात बसायला शिकवणाऱ्या यंत्रांतली कितीतरी या शहराच्या वेशीबाहेर जोडली जात होती. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले तेव्हा एका घरात आठ-दहा घरांची माणसे दाटीवाटीने बसत, दाराबाहेर चपलांचा ढीग पडे, पोरे पुढे जमिनीवर, बाया स्वयंपाकघराच्या दारात आणि उशिरा आलेला खिडकीच्या गजाला धरून उभा. घर हे गल्लीचे थिएटर झाले होते. पुढच्या वीस वर्षांत हेच थिएटर आकसत गेले. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ३१.६ टक्के घरांत टीव्ही होता, २०११ मध्ये तो ४७.२ टक्के घरांत पोहोचला. शेजाऱ्याकडे जाण्याचे कारण उरले नाही आणि चपलांचा ढीग नाहीसा झाला.

रंगभूमीचेही असेच झाले. प्रा. लक्ष्मण देशपांडे हे इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले प्राध्यापक. त्यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा अस्सल रंगमंचाचा प्रयोग : एक माणूस, बावन्न पात्रे, मराठवाड्याची बोली आणि समोर खच्चून भरलेले सभागृह. पण मराठवाड्यातल्या खेड्यांना हा प्रयोग पाठ झाला तो मुख्यतः कॅसेटवरून. लग्नघरात, ट्रॅव्हल्समध्ये, उन्हाळ्याच्या सुटीत दुपारी पंख्याखाली अंग लोटून दिलेल्या माणसांत ती कॅसेट वाजे. त्याच काळात रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हीसीआर, वर्गणी काढून पाहिलेले तीन-तीन सिनेमे आणि पहाटे लाल डोळ्यांनी कामावर गेलेली माणसे, हाही याच प्रवासाचा भाग. केबल आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, संध्याकाळी सात ते दहा हा वेळ मालिकांच्या नावे लिहिला गेला, मग डिश आली, मग मोबाइल. म्हणजे २०२० पर्यंत करमणुकीसाठी उंबरठा ओलांडायची रोजची गरज संपलेलीच होती. आता दुर्दैव पाहा : व्हिडिओकॉन मात्र तोवर उरली नाही. जून २०१८ मध्ये तिचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात दाखल झाले. शहर टाळेबंदीत पडद्यासमोर बसले तेव्हा पडदे बनवणारा त्याचा कारखाना थंडावलेला होता.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. लोक घरात बसले ते पोलिसांच्या काठीने आणि मरणाच्या भीतीने. टीव्हीला कशाला श्रेय द्यायचे? काठी आणि भीती दोन्ही खरी होती, वादच नाही. पण काठी चौकापर्यंत पोहोचते, बैठकीच्या खोलीपर्यंत नाही. प्लेगच्या काळातल्या सरकारनेही काठी चालवली होती आणि तिने दंगे पेटले. २०२० मध्ये सरकारला हे उमगलेले दिसते. २४ मार्चच्या केंद्रीय आदेशात बंदीतून सूट मिळालेल्या सेवांची यादी काढून पाहावी. किराणा, दूध, दवाखाना, बँक यांच्या पंक्तीला दूरसंचार, इंटरनेट, प्रसारण आणि केबल सेवा बसलेल्या आहेत. टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी, २८ मार्चला, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा सुरू केले, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. त्यामागोमाग ‘महाभारत’ आणि ‘शक्तिमान’ आले. कोट्यवधींनी ते पाहिले आणि दूरदर्शनने विक्रमाचा दावा केला. करमणूक ही चैन नसून धान्यासारखी पुरवठ्याची वस्तू आहे, असे सरकारनेच मान्य केले होते. १९८७ चे ‘रामायण’ शेजाऱ्यांना एका खोलीत आणत होते. २०२० चे तेच ‘रामायण’ शेजाऱ्यांना आपापल्या खोलीत ठेवण्यासाठी लावले गेले. मालिका एकच, सामाजिक काम मात्र अगदी उलटे, आणि या दोन प्रक्षेपणांच्या मध्ये आपल्या घरांचा सगळा इतिहास सामावला आहे.

घरातल्या विलगीकरणाचा नियम जवळून पाहिला तर तो कसल्या घरासाठी लिहिला होता, हे चटकन कळते. मार्च २०२० मध्ये प्रवास करून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात झाली. एप्रिलअखेरीस केंद्राने सौम्य लक्षणांच्या रुग्णाला घरीच राहण्याची मुभा दिली. अट अशी, की रुग्णाला स्वतंत्र राहण्याची सोय हवी आणि चोवीस तास काळजी घेणारे माणूस हवे. स्वतंत्र, हवेशीर खोली आणि शक्यतो तिला जोडून संडास-बाथरूम, ही सूचना आधीपासून होतीच. ज्यांना हे जमले त्यांचे दिवस एका साच्यात गेले. दाराबाहेर स्टुलावर ठेवलेले ताट, वेगळी काढलेली वाटी-भांडी, ऑक्सिमीटरवरचा आकडा वहीत टिपून ठेवणे, आणि बाकी सगळा वेळ मोबाइल. भिंतीपलीकडच्या माणसाशीही व्हिडिओ कॉलवर बोलणे, लुडो खेळणे, रात्री उशिरापर्यंत एकामागून एक भाग पाहणे. पण २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ३७.१ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. एका खोलीतल्या कुटुंबाने रुग्णाला वेगळे ठेवायचे कुठे? त्यांची वाट मेल्ट्रॉनच्या इमारतीतल्या किंवा किलेअर्कच्या कोविड केंद्राकडे जाई. शिवाय या शहरात नळाला पाणी येते ते काही दिवसांआड. जायकवाडी उशाला असून घसा कोरडा, ही इथली जुनी तक्रार. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले तेच मुळी डिसेंबर २०२० मध्ये. वारंवार हात धुवा, हा सल्ला टँकरच्या पाळीत उभ्या असलेल्या माणसाला कसा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

आणि ज्यांना इथे घरच नव्हते, त्यांना घरात राहा हा हुकूम लागूच होऊ शकत नव्हता. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या मधे, सटाणा शिवारात, रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे कामगार भुसावळकडे निघाले होते, तिथून मध्य प्रदेशात आपल्या गावी जायला गाडी मिळेल या आशेने. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने ते रुळांवरच टेकले. विसाव्या शतकाच्या तोंडाशी निजामाच्या काळात हा मार्ग झाला तेव्हा प्लेग चालू होता आणि माणसे घर सोडून रानात जात होती. सव्वाशे वर्षांनी त्याच मार्गाने माणसे रानातून घराकडे चालली होती. माझ्या म्हणण्याचा हा सगळ्यात कडवट पुरावा आहे. साथीवर घर हा उपाय ठरवला की घर नसणे हा आपोआप धोका ठरतो. प्लेगच्या झोपडीत सावकार आणि सालगडी यांच्या डोक्यावर निदान एकाच जातीचे छप्पर होते. कोरोनाच्या काळात प्रत्येकाच्या वाट्याला ज्याचे त्याचे घर आले, मग ते चार खोल्यांचे असो की रुळांच्या कडेचे.

तिसरा आक्षेप घरातूनच येतो. करमणूक कुणाची? पुरुष आणि पोरे घरात बसली तेव्हा बाईचे काम दुणावले. चहाच्या खेपा वाढल्या, धुणीभांड्याला येणाऱ्या मावशी बंद झाल्या, एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण आले ते वेगळेच. तिचा हक्काचा वेळ होता संध्याकाळच्या मालिकांचा. १९ मार्चपासून चित्रीकरण थांबल्याने नवे भाग संपले आणि रिमोट दुसऱ्यांच्या हातात गेला. जूनच्या शेवटी चित्रीकरण सुरू झाले, जुलैच्या मध्यावर नवे भाग आले. २०२१ च्या एप्रिलात राज्यात पुन्हा बंदी आली तेव्हा मराठी मालिकांची पथके गोव्याला आणि इतर राज्यांत गेली. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. कोंडलेल्या प्रेक्षकाला मालिका पुरवायची म्हणून कलाकारांनी स्वतःला हॉटेलांत कोंडून घेतले, इतकी ती निकड होती. पोरांच्या शाळेसाठीही अखेर टीव्हीच कामाला आला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, कारण घरात मोबाइल असलाच तर एकच आणि तो बापाबरोबर बाहेर गेलेला. घरातली करमणूक सगळ्यांना सारखी मिळाली नाही, हे मान्य करायलाच हवे. त्याने माझा मुद्दा ढळत नाही, उलट पक्का होतो : घर ही एकसंध वस्तू नाही, तिच्या आतही खोल्या, तास आणि रिमोट यांची वाटणी असते.

मग साथ सरल्यावर काय उरले? टॉकीज आता मेली, नाटक संपले, असे भाकीत तेव्हा सर्रास ऐकू येत होते. राज्यातली नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे ५ नोव्हेंबर २०२० ला अर्ध्या खुर्च्यांनी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा यांचेही असेच उघडणे-मिटणे झाले. लेण्यांच्या पायथ्याची हॉटेले, गाइड, मूर्ती विकणारे यांची दोन वर्षे त्यातच गेली. २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला निर्बंध उठले आणि गर्दी लगोलग परतली. नाथषष्ठी पुन्हा भरली, वेरूळ-अजिंठा महोत्सव फेब्रुवारी २०२३ मध्ये सात वर्षांनी झाला. २०२३ च्या जुलैत ‘बाईपण भारी देवा’ पाहायला बायका नऊवारी नेसून, गट करकरून थिएटरात गेल्या. भाकीत खोटे ठरले, पण जुने दिवसही परतले नाहीत. सहज म्हणून, कुठला सिनेमा आहे हे न पाहता टॉकीजला जाणारा माणूस आता दिसत नाही. रोजची करमणूक घरात राहिली आणि बाहेर जाणे हा प्रसंग झाला : ठरवून, सजून, चारजण मिळून करायचा. एका अर्थी ही जत्रेचीच रीत आहे. वर्षातून एकदा नाथषष्ठीला जाणारा शेतकरी आणि वर्षातून एकदा मैत्रिणींसह थिएटरला जाणारी गृहिणी, दोघांनाही बाहेर जी हवी असतात ती मुख्यतः माणसे. खेळ हे निमित्त.

म्हणून साथीचा इतिहास फक्त दवाखान्यांच्या आणि हुकुमांच्या आधाराने लिहिला तर तो अपुरा राहतो. प्लेगने आपल्याला शहरांची गटारे, रस्ते आणि उजेड-वारा यांचा विचार करायला लावला. मुंबईत १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला तो त्यातूनच. कोरोनाने तसाच विचार घराच्या आतल्या बाजूचा करायला लावायला हवा होता. पुढच्या साथीत पुन्हा घरात राहा असे सांगायचे असेल, तर शहराने आधी घरे मोजावीत : खोल्या किती, नळ किती दिवसांआड, संडास कुणाबरोबर वाटून, पोराला अभ्यासाला पडदा कुठला, आणि घर गावाकडे असलेल्या मजुराची रात्र कुठे. खाटा आणि ऑक्सिजन मोजण्याइतकेच हे काम निकडीचे आहे. घरात करमण्याची सोय आपण चाळीस वर्षांत बाजारातून विकत घेतली. घरात राहण्याची सोय मात्र बाजार देत नाही, ती महापालिकेच्या आणि सरकारच्या अंदाजपत्रकातूनच यावी लागते.